ऑपेरा हाऊस वाचले, मॅजेस्टिक गेले

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे तिचे अनुकरण महाराष्ट्रात गावोगाव झाले, आणि आज आपण येथे जमलो आहोत तेही त्याच परंपरेला धरून. व्याख्यानाला वक्ता लागतो आणि श्रोते लागतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्याला एक छप्परही लागते, ही गोष्ट मात्र मंडप घालणाऱ्याच्या आणि सतरंज्या उचलणाऱ्याच्या तेवढी ध्यानात राहते. आमचे आयुष्य सभांच्या सतरंज्या घालण्यात आणि उचलण्यातच गेले. म्हणून चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही छपराचाच विषय निवडला. शहरातली जुनी चित्रपटगृहे बंद पडतात, वर्षानुवर्षे ओस राहतात, आणि एके दिवशी तेथे पत्र्याचे कुंपण दिसू लागते. त्यांचे काय करावे, हा आमचा प्रश्न आहे.

चित्रपटकलेचे आम्ही जाणकार नव्हे. कोणत्या नटाने कोणती भूमिका कशी वठवली, हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्यांचा. आमचा संबंध आला तो पडद्याच्या मागल्या बाजूशी: ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, सायकल स्टँडवरचा पोऱ्या, झाडलोट करणाऱ्या बाया. कामगार संघटनेच्या कामात त्यांच्या पगाराच्या, बोनसच्या आणि शेवटी नुकसानभरपाईच्या फायली आमच्या हातून गेल्या. त्या फायलींनी जे शिकवले ते इतिहासाच्या पुस्तकांशी ताडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

चित्रपट हिंदुस्थानात आला तो ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. ल्यूमिएर बंधूंच्या माणसांनी दाखवलेला तो खेळ थोड्या धनिकांनी पाहिला. त्यानंतर सतरा वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. या दोन तारखांच्या मधल्या काळात चित्रपट हॉटेलातून तंबूत, तंबूतून नाटकगृहात आणि नाटकगृहातून स्वतःच्या घरात आला. हे घर बांधणे सोपे नव्हते. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ठिणगी पडली तर ती दारूसारखी पेट घेई. म्हणून सरकारने १९१८ साली जो चित्रपटविषयक कायदा केला, त्यात परवान्याची आणि आगीपासून संरक्षणाची काळजी मोठी होती. यंत्राची खोली जाड भिंतींची, प्रेक्षकांपासून अलग, आणि तिच्या झरोक्यांना आग लागताच खाली पडणारी झडप, अशी रचना रूढ झाली. जुन्या चित्रपटगृहाची ती जाड भिंत पुष्कळदा इतर सर्व पडल्यावरही उभी राहते. पाडणाऱ्या कंत्राटदाराला विचारा, तो सांगेल.

त्या खोलीत काम करणारा ऑपरेटर हा कुशल कारागीर होता. दोन यंत्रे शेजारी शेजारी असत. सुमारे दोन हजार फुटांचे एक रीळ बावीस मिनिटांत संपे. संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका उमटे. तो पाहून ऑपरेटर दुसरे यंत्र सुरू करी, आणि खाली बसलेल्या हजार माणसांना रीळ बदलल्याचा पत्ताही लागत नसे. प्रकाश येई तो कार्बनच्या दोन कांड्यांमधून. त्या जळत जळत आखूड होत, आणि त्यांच्यातले अंतर सतत सांभाळावे लागे. ते अंतर चुकले की पडद्यावरचा चंद्र पिवळा पडे आणि थर्ड क्लासातून शिट्ट्या येत. ही कला आता इतिहासजमा झाली आहे. २०१० च्या आगेमागे संगणकीय प्रक्षेपण सर्वत्र आले, आणि रिळांच्या पेट्यांबरोबर हा कारागीरही बाहेर पडला.

आता आपल्या गावाकडे वळू. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. पुढे मॉडेल मिल आली, रेल्वे होतीच, आणि शहर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. म्हणजे एका बाजूला हजारो गिरणी कामगार, दुसऱ्या बाजूला कारकून, वकील, विद्यार्थी. दोघांच्याही खिशात आठवड्याला काही आणे सुटे असत. चित्रपटगृहाला याहून अधिक काय हवे होते? सीताबर्डी, महाल, सदर या भागांत टॉकीज उभ्या राहिल्या. रीगल, रीजंट, लिबर्टी, स्मृती, राजविलास, नरसिंग, आनंद, पंचशील ही नावे पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही नागपूरकराला पाठ आहेत. कित्येकांच्या पत्त्यात ती अजून टिकून आहेत. वर्धा रस्त्याच्या पंचशील चौकात उभे राहून तरुण मुलाला विचारा, हे नाव कोठून आले. तो बहुधा पंडित नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाचे नाव घेईल. टॉकीज त्याला आठवणार नाही.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरचे राजधानीपद गेले. मध्य प्रांत व वऱ्हाड हे नाव त्याआधीच सरकारी कागदांतून गेले होते. पण चित्रपटधंद्याने ते सोडले नाही. या धंद्यात देश वितरणाच्या इलाख्यांत वाटलेला आहे, आणि आपला इलाखा अजूनही ‘सी. पी. बेरार’ म्हणूनच ओळखला जातो. त्याच्या व्यापारी संघटनेचे ठाणे नागपुरात नव्हे, तर भुसावळात आहे. रेल्वेने रिळांच्या पेट्या पाठवण्याच्या काळात जंक्शनचे गाव सोयीचे होते, हे ध्यानात घेतले की याचे कारण समजते. प्रांत गेला, रीळ गेले, रेल्वेची पेटी गेली, आणि शब्द तेवढा राहिला. इमारती शब्दांइतक्या चिवट नसतात.

या इमारतींचे मोल काय, हे आधी सांगितले पाहिजे. नाही तर वाचवण्याची भाषा निव्वळ हळवेपणाची ठरेल. आमच्या मते मोल असे. ज्या काळात माणसाला विहिरीवर जात विचारली जाई, देवळाच्या पायरीवर जात विचारली जाई, त्या काळात तिकिटाच्या खिडकीने फक्त पैसे विचारले. चार आणेवाला पुढे बाकावर, रुपयावाला मागे गादीच्या खुर्चीवर. ही समता नव्हती. विषमताच होती, पण पैशाची. जन्माच्या विषमतेपेक्षा ती निराळी होती, कारण बोनसच्या दिवशी पुढच्या बाकावरचा माणूस बायकामुलांना घेऊन बाल्कनीत बसू शके, आणि त्याला उठ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नसे. दिवे मालवले की सगळ्यांनी एकाच वेळी हसायचे आणि एकाच वेळी डोळे पुसायचे. एवढ्या अनोळखी माणसांना शेजारी शेजारी बसवणारी दुसरी जागा शहरात फारशी नव्हती. कुटुंबातली बाई तीन तास घराबाहेर बसू शकते, हेही पुष्कळ घरांनी प्रथम टॉकीजच्या ‘लेडीज’ वर्गात पाहिले.

मग ही घरे ओस का पडली? दोष एकाचा नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले. त्यापाठोपाठ व्हिडिओ आला. १९९१ नंतर घरोघर केबलची तार आली. १९९७ साली दिल्लीत देशातले पहिले बहुपडदा चित्रपटगृह निघाले. २००१ साली महाराष्ट्र सरकारने अशा नव्या चित्रपटगृहांना करमणूक शुल्कात काही वर्षांची सवलत दिली. जुन्या एकपडदा चित्रपटगृहाला मात्र हजार खुर्च्या, जुने छत आणि पूर्ण कर सांभाळायचा होता. याच सुमारास त्याचा प्रेक्षकही गेला. नागपूरची एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. ज्याची नोकरी गेली तो शनिवारचा खेळ पाहायला जात नाही. अर्थशास्त्राचे ग्रंथ न वाचताही हे कळते. शेवटी मार्च २०२० मध्ये महामारीने सगळेच पडदे एकदम पाडले, आणि त्यातले कित्येक पुन्हा उघडलेच नाहीत.

बंद पडलेल्या चित्रपटगृहाचे पुढे काय होते, याची महाराष्ट्रात निरनिराळी उदाहरणे आहेत. ती एकापुढे एक ठेवली म्हणजे काही बोध निघतो.

पहिले उदाहरण मुंबईच्या मॅजेस्टिकचे. १४ मार्च १९३१ रोजी देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ येथे लागला. भारतीय चित्रपटाला वाचा फुटली ती या छपराखाली. एखाद्या देशाने अशा वास्तूवर निदान संगमरवरी पाटी लावली असती. आपण ती पाडली आणि त्या जागी दुकानांचे संकुल बांधले.

दुसरे उदाहरण पुण्याच्या आर्यनचे. गंगाधरपंत पाठकांनी १९१५ साली मंडईजवळ सुरू केलेले हे पुण्याचे पहिले कायम चित्रपटगृह. १९८३ साली ते पाडले गेले, आणि आज त्या जागी वाहनतळ आहे. वाहने ठेवायला जागा लागते, हे आम्ही नाकारीत नाही. पण पुण्याच्याच प्रभात चित्रपटगृहाची गोष्ट पाहा. १९३४ साली सुरू झालेले प्रभात २०१४ च्या अखेरीस भाडेपट्ट्याची मुदत संपल्याने बंद झाले; जागा मूळ मालकांकडे परत गेली. मालकांनी इमारत पाडली नाही. नाव बदलून, डागडुजी करून तेथे पुन्हा चित्रपट सुरू केले. एकाच शहरातल्या या दोन गोष्टी. दोन्ही ठिकाणी जागा दुसऱ्याची होती, दोन्ही ठिकाणी चालवणाऱ्याला निघावे लागले. निकाल निराळा लागला, कारण ज्याच्या हाती जागा आली त्याचे मन निराळे होते. मालकाच्या मनावर शहराचा वारसा सोपवणे किती जोखमीचे आहे, हे यावरून दिसते.

तिसरे उदाहरण सर्वांत मोठे, मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचे. कलकत्त्याचा रंगभूमीव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीतले पारशी गृहस्थ जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी ते उभारले. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज मुंबईला आले तेव्हा बांधकाम अपुरे असतानाच त्याचे उद्घाटन झाले. युरोपातल्या बरोक धर्तीची सजावट, ससून घराण्याकडून आलेली झुंबरे, घुमटावर कवी आणि नाटककारांची चित्रे. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ तेथे गायले. पृथ्वीराज कपूर तेथे नाटके करीत. बोलपटाचा काळ आल्यावर १९३० नंतरच्या दशकात ते मुख्यतः चित्रपटगृह बनले. १९५२ साली ते गोंडलच्या राजघराण्याकडे आले. १९९३ साली ते बंद पडले, आणि त्यानंतर तेवीस वर्षे ती इमारत रिकामी होती. नाव मात्र गेले नाही. टॅक्सीवाला तो सगळा भागच ‘ऑपेरा हाऊस’ म्हणून ओळखे.

मॅजेस्टिकपाशी आणि आर्यनपाशी जे नव्हते, ते ऑपेरा हाऊसपाशी काय होते? आम्हाला चार गोष्टी दिसतात. पहिली, कायदा. १९९५ साली मुंबईत वारसा इमारतींचे नियम लागू झाले. देशात अशा प्रकारचे ते पहिले. यादीतली इमारत समितीच्या संमतीवाचून पाडता येत नाही. म्हणून ती तेवीस वर्षे रिकामी राहिली तरी उभी राहिली. कायद्याने इमारत सजीव होत नाही. पण मरणाची तारीख पुढे ढकलली जाते, आणि तेवढ्यात वैद्य सापडू शकतो. दुसरी गोष्ट, मालकी एका घराण्याची आणि त्यांची इच्छा जतन करण्याची. तिसरी, जाणकार हात. आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली आधी इमारतीची गळती आणि मोडतोड थांबवण्यात आली, मग चित्रपटगृह करताना हरवलेली जुनी सजावट शोधून पुन्हा घडवण्यात आली. चौथी गोष्ट, जगाचे लक्ष. २०१२ साली न्यूयॉर्कच्या जागतिक स्मारक निधीने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचे नाव घातले. ऑक्टोबर २०१६ मध्ये दारे पुन्हा उघडली, आणि २०१७ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा जतनाचा पुरस्कार मिळाला. आज तेथे सुमारे पावणेसहाशे आसने आहेत आणि संगीत, नाटक, चित्रपट असे सर्व काही होते.

या कामाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. तरी कामगार चळवळीतल्या माणसाला एक प्रश्न पडतोच. पुरस्कार मिळतो तो घुमटाला, झुंबराला, गिलाव्याला. १९९३ साली जेव्हा एखादे चित्रपटगृह बंद होते, तेव्हा त्यातले डोअरकीपर आणि ऑपरेटर कोठे जातात, याचा रकाना कोणत्याही पुरस्काराच्या अर्जात नसतो. आणि उघडलेल्या नव्या दाराचे तिकीट पहिल्या बाकावर बसणाऱ्याच्या खिशाला परवडते की नाही, हेही कोणी विचारीत नाही. गिलावा वाचला आणि बाक गेला, तर अर्धीच वास्तू वाचली असे आम्ही म्हणू.

कोल्हापूरचे उदाहरण याहून निराळे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर १९१५ साली उघडले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते आगीत भस्मसात झाले. आग विझण्याच्या आधीच तेथे कलावंत आणि नागरिक डोळ्यांत पाणी घेऊन उभे होते, आणि दुसऱ्या दिवसापासून मागणी सुरू झाली: जसे होते तसेच बांधा. सरकारला पुनर्बांधणीची घोषणा करावी लागली. येथे बादशहा नव्हता, राजघराण्याची तिजोरी नव्हती. नाटकगृह महापालिकेचे, म्हणजे लोकांचे होते. गाव ज्याला आपले मानते, ते जळाल्यावरही मरत नाही. गाव ज्याला विसरते, ते उभे असूनही मेलेलेच असते.

आपल्या नागपुरात झाशी राणी चौकातले विदर्भ साहित्य संघाचे जुने धनवटे रंगमंदिर गेले आणि त्या जागी संकुल उभे राहिले. २०१७ साली रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह झाले. नवी सभागृहे झाली याचा आनंद आहे. पण दोन हजार खुर्च्यांचे सभागृह हे शहराचे दिवाणखाने असते. तेथे रोज कोणी जात नाही. मोहल्ल्याला लागते ती ओसरी. चारशे-पाचशे माणसांची, चालत जाता येईल अशी, भाडे परवडेल अशी जागा. जुन्या टॉकीज अशाच वस्तीच्या मध्यावर आहेत. ती ओसरी आपल्याजवळ आहे. तिला कुलूप आहे इतकेच.

आता गिरण्यांच्या जमिनीचा धडा सांगतो, कारण चित्रपटगृहांच्या जमिनीला तोच लागू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. संप औपचारिक रीतीने कधी मागे घेतला गेला नाही; गिरण्या मात्र एकेक करून गेल्या. उरली ती जमीन. १९९१ च्या विकास नियमांनी सांगितले की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी गृहनिर्माण मंडळाला आणि उरलेला वाटा मालकाला. कागदावर हा न्याय होता. २००१ साली नियमात बदल झाला: वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, तर जिच्यावर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीची. गिरणीची जमीन बहुतेक शेडखाली असते, मोकळी थोडी. म्हणून लोकांच्या वाट्याला आलेला तुकडा एकदम लहान झाला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. नियमातला एक शब्द बदलला आणि शहराची मैदाने गेली.

चित्रपटगृहांबाबतही मुंबईत असा नियम आहे की त्या जागेवर नवे बांधकाम करताना जुन्या आसनांचा काही हिस्सा राखून पुन्हा चित्रपटगृह द्यावे. नियम चांगला. पण ते नवे चित्रपटगृह दुकानांच्या वर चौथ्या मजल्यावर गेले, तर आसने राहतात आणि ओसरी जाते. म्हणून अशा नियमांचा प्रत्येक शब्द नागरिकांनी वाचला पाहिजे. तज्ज्ञ वाचतील म्हणून स्वस्थ बसलो, तर २००१ ची पुनरावृत्ती होईल.

येथवर दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता आमचा सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी शहरातले एक चित्रपटगृह बंद झाले. नाव सांगण्याचे कारण नाही. सत्तावीस कामगार होते. १९८१ च्या कायद्याने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या चित्रपटगृहाला भविष्य निर्वाह निधी आणि उपदान लागू केले होते. तो कायदा आता २०२० च्या श्रमसंहितेत सामावला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे धंदा बंद झाल्यास नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळे. परंतु साठ दिवसांची आगाऊ सूचना पन्नासांहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी लागू नव्हती. त्यामुळे सत्तावीस माणसांना सोमवारी सकाळी कुलूप पाहूनच कळले.

बुकिंग ऑफिसात मालकाच्या माणसांशी बोलणी झाली. देणी मान्य झाली, पण रोख पैसे नव्हते. तडजोड अशी ठरली: दोन हप्ते लगेच, आणि तिसरा, सर्वांत मोठा, जागा विकली गेल्यावर. आम्ही कागद वाचला, कामगारांना समजावला आणि सही केली. त्या सहीचा अर्थ आम्हाला पुष्कळ उशिरा उमगला. सत्तावीस घरांचे हित आम्ही त्या इमारतीच्या पाडण्याशी बांधून टाकले होते. ती जितक्या लवकर पडेल तितके त्यांचे भले. मालक आणि कामगार दोघेही आता एकाच बाजूला होते, आणि इमारतीच्या बाजूने कोणीच नव्हते.

जागा विकली गेली नाही. वारसांत वाद लागला, प्रकरण कोर्टात गेले. भिंतीत पिंपळ उगवला, छताचे पत्रे उडाले. तिसऱ्या हप्त्याची वाट पाहत आमचे दोन सभासद वारले. एक म्हातारे ऑपरेटर मात्र वॉचमनला सांगून दर रविवारी आत जात आणि यंत्राला तेल देत. आम्ही एकदा त्यांना विचारले, बाबा, कशासाठी? ते म्हणाले, ‘‘भाऊ, मशीन जाम झाली तं टाकीज मेली समजा. मी हाय तोवर तेल देतो.’’ आम्ही त्यांच्या नावाने भांडणारे पुढारी. त्यांचा हप्ता त्या यंत्राच्या भंगारातून निघायचा होता. ते यंत्राला तेल देत होते आणि आम्ही खरेदीदार शोधत होतो. दोघांपैकी शहाणा कोण, याचे उत्तर आम्हाला आजही अवघड जाते. पोटाला तेलाने घास मिळत नाही, हे खरे. पण घास आणि छप्पर ही एकमेकांची शत्रू आहेत, असे त्या कागदाने ठरवले होते, आणि तो कागद आम्ही लिहिला होता.

आज तो कागद पुन्हा लिहायचा झाला तर काय लिहू? कामगारांची देणी हा जागेवरचा पहिला बोजा असावा, विक्रीनंतरचा शेवटचा हप्ता नव्हे. विकासाचा नकाशा मंजूर होण्याच्या आधी ती चुकती झाली पाहिजेत. प्रेक्षागृहाचा भाग रस्त्याच्या पातळीवर, वेगळ्या दारासह राखला जावा, आणि वर्षातले काही दिवस तो शाळांना, नाट्यमंडळांना, सभांना अल्प भाड्याने मिळावा. नव्या जागेत जी नोकरी निघेल तीवर जुन्या कामगारांच्या घरचा पहिला हक्क असावा.

मालकाने एवढे का सोसावे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. जागा त्याची, कर तो भरतो. गावाच्या आठवणींचे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर का? याला उत्तर नियमांतच सापडते. वारसा इमारत राखल्यामुळे मालकाला जे बांधकाम करता येत नाही, तेवढा बांधकामाचा हक्क त्याला शहरात दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा देता येते. मुंबईच्या वारसा नियमांत ही सोय आहे. म्हणजे मालकाला मोबदला मिळतो, पालिकेच्या तिजोरीला हात लागत नाही, आणि इमारत राहते. पण हा मार्ग खुला होतो तो इमारत यादीत असेल तरच. नागपुरातही वारसा संवर्धन समिती आहे. राजवाडे, देवळे, इंग्रजी अमदानीतली कचेरी, यांच्याकडे लक्ष साहजिकच जाते. टॉकीजकडे वारसा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही, कारण तिथे आपण शेंगदाण्याची टरफले टाकली आहेत. टरफले टाकण्याइतकी जी जागा आपली होती, तीच खरी आपली, असे आम्हाला वाटते.

तेव्हा पहिले काम साधे आहे. शहरातल्या बंद आणि चालू एकपडदा चित्रपटगृहांची नोंद करावी: केव्हा बांधले, कोणाच्या मालकीचे, किती आसने, छताची स्थिती काय, कामगारांची देणी बाकी आहेत काय. या कामाला सरकारी आदेशाची गरज नाही. महाविद्यालयातले दहा विद्यार्थी आणि दोन निवृत्त कारकून एका उन्हाळ्यात ते करतील. आणि हे करताना जुन्या ऑपरेटरांकडून, डोअरकीपरांकडून त्यांच्या हकिकती लिहून घ्याव्यात. ती माणसे फार दिवस थांबणार नाहीत.

दुसरे काम या व्याख्यानमालेच्या चालकांपुढे ठेवतो. पुढल्या वर्षी यातले एक व्याख्यान, एकच, एखाद्या बंद टॉकीजमध्ये ठेवावे. इमारत धडधाकट आहे अशी इंजिनिअरची चिठ्ठी घ्यावी, मालकाची रीतसर परवानगी घ्यावी, एक दिवस झाडलोट करावी, दोन दिवे लावावेत. लोक आत येतील, वर छताकडे पाहतील, आपण कोठे बसत होतो ते शोधतील. हजार निवेदनांनी जे होणार नाही ते त्या एका संध्याकाळी होईल. खुर्च्या मोडल्या असतील तर काळजी नको. सतरंज्या आम्ही आणू, आणि उचलूही.